झुलपेवाला, मरणारा आणि एक कांदाकाटणी

यंदा चैत्रात माहेरी गेले तेव्हा वावरात कांद्याची काटणी चालू होती. दोन दिवस मीही विळा घेऊन बसले. शेजारच्या ओळीला माझा भाचा ओंकार आणि त्याचा एक मित्र. दोघंही पुण्यात इंजिनिअरिंगला, सुट्टीला आलेले. काटणी कसली, नुसतं भांडण चाललेलं. कुठला नट भारी आणि कुठला उगाच डोक्यावर चढवलेला. "तो साफ ओव्हररेटेड आहे रे," असं एक म्हणायचा. "आणि तुझावाला? एकाच तोंडानं वीस पिच्चर केलेत त्यानं," असं दुसरा. विळे मातीत, हात हवेत. तासाभरात दोघांचा मिळून पाटीभरसुद्धा कांदा झाला नव्हता.

"आमच्या वेळेला असल्याला डेंगळा म्हणायचे," मी मध्येच तोंड घातलं. वाद चालू असला की मला गप्प बसवत नाही, लहानपणापासूनची खोड.

दोघं माझ्याकडं बघायला लागले. शेतकऱ्याची पोरं, आणि डेंगळा माहीत नाही! मग ढिगातून एक उचलून दाखवला. काही कांद्यांना मधून जाड नळीसारखा दांडा फुटतो, त्यावर पांढरं गोंडेदार फूल. लांबून बघावं तर सगळ्या वाफ्यात तोच उठून दिसतो. कापला की आत नुसता पोकळ दांडा. साठवायला ठेवला तर महिन्याभरात सडतो आणि शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जातो. याच्या उलट गोल्टी. लिंबाएवढा कांदा. व्यापारी बघून नाक मुरडतो, पण अंगानं घट्ट, दिवाळीपर्यंत टिकणार. आमच्या वावरात एका हंगामात अख्ख्या सिनेमासृष्टीची अशी प्रतवारी झाली होती. कोण डेंगळा, कोण गोल्टी.

ओंकार म्हणाला, "आत्या, तुमच्यात पण असली भांडणं व्हायची?"

व्हायची म्हणजे! तुमची काय भांडणं, बाळा.

तो हंगाम नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचा. मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि मोकळ्या माणसाला आमच्या घरात विळा मिळायचा. गाव जुन्नरच्या अलीकडं. वावरात उभं राहिलं की लेण्याद्रीच्या डोंगरातली लेणी काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. उपटलेला कांदा तीन-चार दिवस वावरातच पडलेला, पात पिवळी पडत आलेली. सकाळी तिच्यावर दव असायचं तोवर हात गार पडायचे. दहा वाजले की ऊन चढायचं आणि सगळ्या रानाला तो वास यायचा, गोडसर, तिखट, नाकातून घशात उतरणारा. संध्याकाळी तीनदा साबण लावला तरी भाकरीच्या घासाला तोच वास. बोटांना काळा चिकट थर बसायचा आणि तो निघायला वैशाख उजाडायचा. मला त्या वासाचा तेव्हा लई राग यायचा. आता पुण्यात भाजीवाल्याच्या गाडीपाशी तो नुसता जाणवला तरी पाय थांबतात.

काटणीची एक रीत आहे. डाव्या हातात कांदा धरायचा, उजव्या हातातल्या विळ्यानं पात कापायची, पण पार बुडातून नाही. कांद्याला बोटभर मान ठेवायची. मान ठेवली की ती वाळून मिटते आणि कांदा टिकतो. मान न ठेवता कापला की तोंड उघडं राहतं, आणि बराखीत, म्हणजे आमच्याकडच्या कुडाच्या हवेशीर कोठारात, तो तिथूनच सडायला लागतो. ही मान ठेवायला मला शिकवलं माझ्या सुमनआत्यानं. तिच्यासारखं कापणारं आमच्या शिवारात कोणी नव्हतं. तिच्या ढिगातले कांदे बघावेत, सगळ्यांच्या माना एकसारख्या, बोटानं मोजून घ्याव्यात.

सुमनआत्या म्हणजे दादांची, माझ्या वडलांची, धाकटी बहीण. माझ्याहून सातच वर्षांनी मोठी, त्यामुळं आत्या कमी आणि थोरली बहीण जास्त. लग्नाला तीन वर्षं झाली होती. शिमग्याला माहेरी आली ती "कांद्याला मदत करते आणि जाते" म्हणून. कांदा बराखीत पडला की दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, येऊन तिला घेऊन जायचं, असं ठरलेलं. आणि आत्याला परत जायचं नव्हतं.

हे मी आज एका ओळीत लिहिते आहे, पण तेव्हा आमच्या घरात एकालाही माहीत नव्हतं. तिनं सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी काय? सासरी मार नव्हता, उपासमार नव्हती. फक्त तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. ती समोर उभी असताना शेजारच्या पोराला हाक मारून सांगायचे, "हिला म्हणावं, चहा ठेव." नवराही तसाच. मूल होत नाही यावरून सुरुवात झाली असेल, पुढं त्यांना ती सवयच लागली. एकदा लागोपाठ अकरा दिवस तिला कुणी हाक मारली नव्हती. बाराव्या दिवशी ती विहिरीवर गेली आणि स्वतःच्याच नावानं मोठ्यानं हाक मारून आली. हे तिनं मला फार वर्षांनी सांगितलं. मारलं असतं तर वळ दाखवता आले असते, असंही म्हणाली. न बोलण्याचे वळ कुठं दाखवायचे? वावरातला न काटलेला कांदा म्हणजे तिचे उरलेले दिवस होते. रोज सकाळी ती उठायची ती आज दादाला सांगायचंच असं ठरवून, आणि संध्याकाळपर्यंत दोन ओळी कमी झालेल्या असायच्या. मला मात्र एवढंच दिसायचं की आत्या हसते आहे, गाणी म्हणते आहे, कांदा कापते आहे.

त्यातून दाजी म्हणजे आमच्या गावाचा लाडका जावई! आले की जिलबीचा पुडा. येताना रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं तर मोटारसायकलवर बसवून आणायचे. शेजाऱ्याची विहिरीवरची मोटर बिघडली तर पावणेपण बाजूला ठेवून हे आत उतरलेले. दाजी येणार म्हटलं की दादांची छाती फुगायची. आई म्हणायची, सुमनचं नशीब काढलं. मलाही ते फार आवडायचे, खोटं कशाला सांगू. नवरा असावा तर असा, असं मी बारावीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलंसुद्धा होतं.

काटणीला त्या वर्षी वरच्या भागातून बायका आल्या होत्या. डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची भाताची खाचरं. भात झाला की पोटासाठी खाली यायचं. घोडेगावात एसटी बदलत बदलत आमच्यापर्यंत यायच्या आणि महिनाभर गोठ्याशेजारच्या पडवीत राहायच्या. त्यात ठकूबाई. पन्नाशीची, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला. बोलायची कमी, पण बोलली की विषय संपायचा. पिच्चरचा वाद सुरू केला दादांनी, आणि तो वाढवला ठकूबाईनं.

नटांची खरी नावं वावरात कोणी घेत नसे. निम्म्यांना माहीत नव्हती, आणि उरलेल्यांना टोपणनावंच बरी वाटायची. एक होता झुलपेवाला. कपाळावर केसांचं झुलूप, दर दोन वाक्यांमागं मान झटकून ते मागं टाकायचा. दादांचा देवच तो. "तो आला की पडदा भरतो राव!" दादा म्हणायचे. "बाकीचे काय, भाजीतलं मीठ."

"मग मीठ काढून खाऊन बगा की एक डाव, दादा," ठकूबाई मान वर न करता म्हणाली.

सगळ्या बायका खुदकन हसल्या. दादा चिडले, पण त्यांना चिडायला आवडायचं. "मग तुमचा कोण?"

"माझा त्यो मरणारा."

मरणारा म्हणजे कोण हे सगळ्यांना लगेच कळलं. कधी हिरोचा बाप, कधी शाळामास्तर, कधी इमानदार हवालदार, पण काही झालं तरी मध्यंतराच्या आत मरणार. त्याचं नाव पडद्यावर येऊन जायचं तेव्हा लोक अजून जागा धरत असायचे. दादा म्हणाले, "अहो, मरायला काय लागतं? डोळे मिटले की झालं."

"मरताना न्हाई बगायचं त्याला. दुसरा बोलत आसतो ना, तवा बगायचं. बोलणाऱ्याला काय, बोलायचंच आसतंय. ज्यो नुसता हुबा ऱ्हातो, त्याचं काम अवघड."

मला हे अजिबात पटलं नव्हतं. मी झुलपेवाल्याच्या बाजूची. दादा आणि मी एका बाजूला, ठकूबाई दुसऱ्या बाजूला, आणि बाकीच्या बायका जिकडं मजा येईल तिकडं. आठ दिवस हा दंगा चालला. सगळ्या नटनट्यांची डेंगळा-गोल्टीत वाटणी झाली ती तेव्हा. एका नटीवरून तर आई भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर उभ्या उभ्या भांडली होती. आत्या कुणाचीच बाजू घ्यायची नाही. तिला विचारलं की म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही भांडा, मी ऐकते."

एक दिवस ठकूबाई बोलता बोलता म्हणून गेली की झुलपेवाला डावरा आहे. डाव्या हातानं मारतो, डाव्या हातानं जेवतो. दादांनी विळा ठेवला. "काय सांगता! उजवा आहे तो." ती म्हणाली, यात्रेत तंबूत तीन पिच्चर बघितले, तिन्हीत डावरा. दोघंही हटेनात. रविवारी संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीवर नेमका झुलपेवाल्याचाच पिच्चर. सगळ्या बायका ओसरीत येऊन बसल्या, आणि पहिल्याच मारामारीत त्यानं उजव्या हाताची फिरवून दिली. केवढा गलका झाला! मी उभी राहून टाळ्या पिटल्या. "ठकूबाई, तुम्ही नक्की पिच्चरच बघितला होता ना? का दुसऱ्याच कुणाला बघून आलात? तीन पिच्चर बघून नट कळतात होय?"

"चुकलं आसंल माझं, बाय," ती म्हणाली आणि पदर सावरून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळभर ती वावरात एक शब्द बोलली नाही. आणि मला त्या गोष्टीचा आनंद झाला होता. आज ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

दुपारच्या भाकरीला आत्या तिच्याजवळ जाऊन बसली. ठेच्याचा गोळा तिच्या भाकरीवर ठेवत तिनं विचारलं, "ठकूबाई, तंबूत तुम्ही बसला होता कुठं?"

"मागल्या अंगाला. पडद्याच्या मागं. आमी बाया तिकडंच बसतो, तिकडं कोण हटकत न्हाई."

आत्या हसायला लागली. "अगं बाई! मग तुमचं बरोबरच की. मागून सगळं उलटं दिसतं. उजवा तो डावा."

आम्हाला हे कुणालाच सुचलं नव्हतं. विचारावं असंही वाटलं नव्हतं. ठकूबाईचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग ती पुढं सांगू लागली. तंबूतला कर्णा पुढं तोंड करून असायचा. मागं नुसता घुमारा, बोलणं काही कळायचं नाही. "मग काय करणार? तोंडं बगत बसायची. ज्यो वरडतो त्याचं काय बी समजंना. पर ज्यो गप हुबा आसतो, त्याचं बराबर समजायचं."

आत्या घास हातात धरून ऐकत राहिली. मी मात्र मनातल्या मनात म्हटलं, असला कसला पिच्चर बघायचा!

कांदा निम्म्याच्या वर उरकला आणि एका दुपारी दाजी आले. मोटारसायकल बांधावर लावली, जिलबी आईच्या हातात दिली आणि सरळ ओळीत येऊन बसले. "आज मी पण कामाला. द्या विळा." जावई मातीत बसलेला! आई चहाला पळाली. दादा "अहो पावणं, असू द्या, असू द्या" करत राहिले आणि खुशीत लालेलाल झाले. दाजींनी मला विचारलं, पेपर कसे गेले. ठकूबाईला विचारलं, गाव कोणतं. "डिंभ्याच्या वरचं? लई भारी मासा तिकडचा." नटांचा वाद त्यांच्यापुढं मांडला तर दोन्हीकडचं ऐकून घेऊन म्हणाले, "दादांचं बी खरं आणि बाईंचं बी खरं." झुलपेवाल्याची नक्कल करून दाखवली, मान झटकून. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी. आत्याही हसत होती, आमच्या सगळ्यांसारखीच, आणि तिचा विळा चालत होता. तासाभरानं दाजी उठले, पँट झटकली. "परवा सकाळी येतो गाडी घेऊन," दादांना म्हणाले, आणि गेले. मी त्यांच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत बघत होते.

उन्हं कलली तसे आम्ही ढीग पाट्यांत भरून बराखीकडं न्यायला लागलो. दादा बराखीच्या दारात. ठकूबाईनं दोन पाट्या बाजूला ठेवल्या.

"दादा, ह्या बराखीत नका टाकू. ह्यास्नी माना न्हाईत."

दादांनी वाकून बघितलं. खरंच, कांदे पार बोडके. काहींना तर विळा अंगात घुसलेला. दादा तापले. "कुणाचं काम हे? नवीन कोण बसलंय?"

"नवं न्हाई कोण. सुमनताईचा ढीग हाय."

"काहीतरीच काय! तिला का कापायला शिकवायचंय आता?"

"सकाळचा ढीग बी तिचाच. त्यो बगा, माना बोट-बोट. पावणं येऊन बसलं, तवापासनं ते उठंस्तवरचा ह्यो." एक बोडका कांदा तिनं दादांच्या हातात ठेवला. मग म्हणाली, "पावणं समद्यांसंगं बोललं, दादा. माझ्यासंगं बी बोललं. हिच्यासंगं येक शबूद न्हाई. तुमी समदी त्यांच्याकडं बगत व्हता. मी हिच्याकडं बगत व्हते."

दादांचा चेहरा उतरला, आणि उतरलेला चेहरा लपवायला ते खेकसले. "ठकूबाई, कामाचं बघा. घरातलं आमचं आम्ही बघू."

"व्हय, दादा. बराखीत नका टाकू, येवढंच म्हनायचं व्हतं."

ती पाट्या तिथंच ठेवून गेली. मी पाटी कमरेवर घेऊन उभी होते आणि मला काहीच कळत नव्हतं. एवढं मात्र आठवतं, की दादा खूप वेळ त्या बोडक्या कांद्यांतला एक हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ह्या दोन पाट्या घरात ने. आधी हे खाऊन संपवू." दुसऱ्या दिवसभर ते वावरात आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी आले. आत्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. ती चौकटीला टेकून उभी, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. दाजी ओट्यावर बसून दादांना कुणाच्या तरी निवडणुकीची गंमत सांगत होते. एरवी दादा अशा वेळी मांडीवर थाप मारून हसायचे. मी चहाचे कप घेऊन आले आणि बघते तर दादांचं लक्षच नाही. ते बघत होते आत्याकडं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच दादा न बोलणाऱ्या माणसाकडं बघत होते. मग मीही बघितलं. आत्याचा चेहरा हसरा होता, अगदी वावरातल्यासारखाच. खाली हात मात्र पदराचं टोक इतकं पिळत होते की बोटं पांढरी पडली होती.

"निघायचं का मग?" दाजी म्हणाले.

"कुणाला विचारताय, पावणं?" दादा म्हणाले.

दाजी हसले. "नाही, म्हटलं हिला घेऊन निघतो."

"मग तिलाच विचारा की."

दाजी पुन्हा हसले. गाडीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आत्याला सांग, ऊन व्हायच्या आत निघू."

आत्या माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. त्यांच्यापासून तीन हातांवर. ज्या माणसासारखा नवरा असावा असं मी वहीत लिहून ठेवलं होतं, त्यानं माझ्यादेखत हे केलं होतं, आणि पहिल्यांदा केलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तीन वर्षं आम्ही सगळे त्याच्याच तोंडाकडं बघत होतो.

दादांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला. आवाज अगदी साधा. "पावणं, कांदा व्हायचाय अजून. उरकला की पाठवतो."

वावरात त्या दिवशी जेमतेम दीड दिवसाचा कांदा राहिला होता.

ठकूबाई त्यानंतर दोन हंगाम आली, मग तिच्या भागातल्या दुसऱ्याच बायका यायला लागल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आता तिला एवढं लांब होत नाही. मी तिची माफी मागितली नाही. मागायची होती, पण त्या वयात माफी मागणं म्हणजे हरणं वाटायचं. दादा तर आजतागायत झुलपेवाल्याच्याच बाजूचे आहेत. टीव्हीवर त्याचा जुना पिच्चर लागला की खुर्ची पुढं ओढतात. पण पुढच्या वर्षी ठकूबाई आली तेव्हा दादा स्वतः घोडेगावच्या स्टँडवर तिला घ्यायला गेले होते. मजुराला आणायला दादा कधी गेलेले आम्ही पाहिले नव्हते.

मरणारा मला मागच्या वर्षी एकदा दिसला. पुण्यातल्या घरी दुपारी टीव्ही चालू होता आणि कुठल्याशा जुन्या सिनेमात लग्नाचा प्रसंग. झुलपेवाला लांबलचक बोलत होता, सगळे त्याच्याकडं बघत होते. मागं कोपऱ्यात हा उभा, मुलीचा बाप. ती मांडवात आली तेव्हा त्यानं तिच्याकडं बघितलं, मग खाली तिच्या पायांकडं, आणि हळूच सतरंजीची दुमडलेली कड पायानं सरळ केली, तिला ठेच लागू नये म्हणून. दिग्दर्शकानं सांगितलं असेल असं वाटत नाही. मी भाजी निवडायची थांबले. त्याचं नाव कळावं म्हणून शेवटपर्यंत बसून राहिले, पण शेवटी नावं दाखवलीच नाहीत.

लोक म्हणतात, सिनेमानं माणसं बिघडतात. मला उलटं वाटतं. आम्ही सिनेमा नीट बघत नव्हतो, म्हणून माणसंही नीट बघत नव्हतो. आता मी शाळेत शिकवते. वर्गात कुणी एक मूल फडाफडा उत्तरं देत असलं की माझी नजर आपोआप मागच्या बाकांवर जाते. दरवेळी काही सापडतंच असं नाही. पुष्कळदा तिथं नुसती झोप असते.

आत्या आज त्याच गावात कांद्याची रोपं करून विकते. पाच-सहा गावांचे शेतकरी तिच्याकडं येतात आणि ती दिवसभर बोलत असते, इतकी, की दादा कधी कधी वैतागून कान झाकतात. पण मला तिचं एकच बोलणं सगळ्यात जास्त आठवतं. तो दिवस त्याच वर्षाच्या श्रावणातला.

दाजींनी मधल्या काळात दोन निरोप पाठवले होते. दोन्ही वेळा दादांचं उत्तर तेच, कांदा उरकला की पाठवतो. मग दाजींचे मामा स्वतः आले. वयस्कर, पांढरं धोतर, चारचौघांत मान असलेला माणूस. बाहेर रिमझिम चाललेली. ओट्यावरून आमचं सगळं वावर दिसायचं आणि वावरात गुडघाभर बाजरी डुलत होती. मामा चहा प्यायले, पाऊसपाण्याचं बोलले, आणि मग मुद्द्याला हात घातला. "सुमनला कधी पाठवताय?"

"कांदा उरकला की," दादा म्हणाले.

मामांनी बाजरीकडं बघितलं. सावकाश, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मग दादांकडं बघितलं. दादा ढिम्म. आई आतल्या दारात उभी. मी मामांच्या तोंडाकडं बघत होते, कारण आता हा माणूस चिडला तर गावभर बोभाटा, आणि बोभाटा झाला तर दादा किती टिकतील कोण जाणे. मामांनी कप-बशी बाजूला सरकवली. मग त्यांनी मान वळवली आणि चौकटीत उभ्या असलेल्या आत्याला थेट विचारलं, "सुमन, तुझं काय म्हणणं आहे, पोरी?"

सासरकडचं कुणीतरी तीन वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी विचारत होतं. आत्यानं डोक्यावरचा पदर नीट केला. एकदा दादांकडं बघितलं. तोंडावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

"दादा म्हणतात तेच, मामा," ती म्हणाली. "कांदा लई हाय यंदा."